हिशेब मागणारे शेजारी

“तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?”

हा प्रश्न मी आमच्या सोसायटीत दोनदा ऐकला. पहिल्यांदा जुन्या सेक्रेटरींच्या तोंडून, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं बिल बघायला मागितलं तेव्हा. दुसऱ्यांदा नव्या सेक्रेटरींच्या तोंडून, लिफ्टच्या देखभालीचा करार बघायला मागितला तेव्हा. नवी कमिटी येऊन तेव्हा जेमतेम चौदा महिने झाले होते. आणि हे नवे सेक्रेटरी कुणी परके नव्हते. जुन्या कारभाराविरुद्ध आम्ही सात-आठ जण जिने चढत, दारं वाजवत हिंडत होतो, तेव्हा सगळ्यांत पुढे तेच असायचे. फाइल त्यांच्याच हातात असायची. ‘सदस्यांना बिलं दाखवायला हरकत कसली?’ हे आमच्या पत्रातलं वाक्य त्यांनीच लिहिलेलं होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. राग आला होता, पण राग परवडला. जास्त अस्वस्थ करत होतं ते हे, की हा माणूस लबाड नाही याची मला खात्री होती. आजही आहे. सोसायटीच्या एका पैशाला त्यांनी हात लावलेला नाही. मग तेच वाक्य, त्याच सुरात, त्यांच्या तोंडी आलं कसं?

या प्रश्नाशी मी पुष्कळ झटले, आणि माझं मत आता पक्कं झालं आहे. कारभार बिघडला की आपण माणसं बदलायला निघतो. पॅनेल बनवतो, निवडणूक लढवतो, जिंकतो आणि आपापल्या घरी जाऊन दार लावून घेतो. पण कमिटी बिघडते ती सभा मेलेली असते म्हणून. मेलेल्या सभेवर कितीही चांगली कमिटी बसवली तरी ती वर्ष-दोन वर्षांत जुन्या कमिटीसारखी वागू लागते. म्हणून सदनिकाधारकांनी एकत्र यावं ते सर्वसाधारण सभा जागी करण्यासाठी. आणि नवी कमिटी निवडून आल्यावर, ती आपल्याच माणसांची असली तरी, पांगू नये.

मुळात ही व्यवस्था कशासाठी उभी राहिली ते बघा. १९०४ चा सहकारी कायदा पतसंस्थांपुरताच होता. १९१२ च्या कायद्याने इतर प्रकारच्या सहकारी संस्थांना वाट मोकळी झाली, आणि १९१५ मध्ये मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली. तिच्यामागे रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तालमकी यांचे कष्ट होते. कल्पना धाडसी होती आणि तितकीच सरळ होती: डोक्यावर घरमालक नको, राहणाऱ्यांनीच मिळून मालक व्हायचं. आज महाराष्ट्रात नोंदणीकृत गृहनिर्माण संस्था लाखाच्या वर आहेत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चं कलम ७२ सांगतं की संस्थेचा अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेकडे असतो. मत दर सदस्याला एक. वन रूम किचनवाल्यालाही एक आणि वरच्या मजल्यावर दोन फ्लॅट जोडून घेतलेल्यालाही एकच. (१९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली ज्यांच्या इमारती आहेत त्यांचं गणित वेगळं आहे, तिथे मालकीचा हिस्सा मोजतात.) म्हणजे कायद्याच्या नजरेत कमिटी ही सभेने नेमलेली कारभारी आहे. आपण मात्र तिला सरकार मानतो, आणि सरकारवर रागावावं तसं तिच्यावर रागावतो.

सभा मरते कशी, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. रविवारी सकाळी दहा वाजता, पार्किंगमध्ये गाड्या हलवून मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. आमची सोसायटी ८४ सदस्यांची. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे शासनाने काढलेल्या नमुना नियमांप्रमाणे, गणपूर्तीला (सभा भरायला लागणाऱ्या किमान हजेरीला) एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांतली कमी असेल ती संख्या लागते; म्हणजे आम्हाला २० माणसं पुरेशी आहेत. दहा वाजता नऊ जण असतात, त्यांतले सहा कमिटीचे. साडेदहापर्यंत वाट पाहायची. नोटिशीच्या तळाशी ते वाक्य छापलेलंच असतं, की गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब होऊन अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तिला गणपूर्तीची अट राहणार नाही. साडेदहाला तीच माणसं त्याच खुर्च्यांवर बसून सभा सुरू करतात. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम. हिशेब मंजूर. ऑडिटरची नेमणूक मंजूर. आणि शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’.

आमची गच्ची या शेवटच्या ओळीतून आली. चार वर्षांत दोनदा वॉटरप्रूफिंग झालं, दोन्ही वेळा एकाच कंत्राटदाराकडून, आणि दोन्ही वेळा विषय नोटिशीत नव्हता. इतिवृत्तात लिहिलं गेलं: ‘चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.’ दुसऱ्या खेपेच्या पुढच्याच पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या चारही घरांत छताला ओल आली. लेखी अर्ज, पुन्हा स्मरणपत्र, मग सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयाकडे प्रत, असं करत एकदाची फाइल बघायला मिळाली. तीन कोटेशनं होती. लेटरहेडं वेगळी, पत्ते वेगळे, पण ‘मेंब्रेन’ या शब्दाचं स्पेलिंग तिन्हींत एकसारखं चुकलेलं. मी ते तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ नुसती बघत बसले. हे कागद दोन वर्षं सोसायटीच्याच कपाटात होते. ८४ घरांतल्या कुणीही मागितले असते तर दिसले असते.

तेव्हा आम्ही सह्या गोळा करायला निघालो. एकूण सदस्यांपैकी एक पंचमांश सदस्यांनी लेखी मागणी केली तर कमिटीला महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. ८४ चा पाचवा हिस्सा १७. सतरा सह्या म्हणजे एका संध्याकाळचं काम, असं मला वाटलं होतं. पाच आठवडे लागले.

का लागले, ते सांगायला हवं, कारण संघटना बांधणाऱ्या प्रत्येकाला यातून जावं लागतं. लोकांना प्रश्न कळत नव्हता असं नाही. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी आमचा अर्ज पूर्ण वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “पोरी, तुझं सगळं पटतं मला. पण रात्री दोनला ॲम्ब्युलन्स आली तर गेट उघडायला तोच धावणार आहे.” ते सही न करता आत गेले. मला तेव्हा वाईट वाटलं होतं. आज वाटतं, त्यांनी अडचण अचूक सांगितली होती. सोसायटीत आपण ज्यांच्या कारभारावर बोट ठेवतो तेच रोज लिफ्टमध्ये भेटतात, त्यांचीच मुलं आपल्या मुलांबरोबर खेळतात. इथला विरोध माणसाविरुद्ध झाला की तो जन्मभराचा होतो. म्हणून आम्ही अर्ज बदलला. सेक्रेटरींचं नाव, ‘मनमानी’, ‘भ्रष्ट कारभार’ हे सगळे शब्द काढले. एकच विषय ठेवला: गच्चीच्या कामाची त्रयस्थ इंजिनिअरकडून तपासणी आणि त्या कामाची सर्व कागदपत्रं सभेपुढे ठेवणं. पुढच्या आठ दिवसांत सह्या २३ झाल्या. चौथ्या खेपेला काकांनीही सही केली.

त्या सभेला ५१ सदस्य आले. आमच्या आठवणीत इतकी माणसं कधी आली नव्हती. तपासणीचा ठराव झाला. इथे एक गैरसमज दूर करते, कारण तो फार ठिकाणी ऐकू येतो. अशा सभेत हात वर करून अख्खी कमिटी घालवता येईल असं लोकांना वाटतं. कायद्यातला अविश्वास ठराव अध्यक्ष, सचिव अशा पदाधिकाऱ्यांविरुद्ध असतो, आणि तो कमिटीच्या सदस्यांनी आणायचा व मंजूर करायचा असतो. सर्वसाधारण सदस्यांचं खरं बळ वेगळं आहे: सभा बोलवणं, विषय ठरवणं, ठराव करणं, कागद बघणं, आणि एक पंचमांश सदस्यांच्या अर्जावर निबंधकाकडे कलम ८३ खाली चौकशी मागणं. एवढं बळ पुरेसं आहे. ते वापरायला माणसं जमत नाहीत, इतकंच.

पुढे काही महिन्यांत कमिटीची पाच वर्षांची मुदत संपली. आम्ही पॅनेल उभं केलं, अकरापैकी नऊ जागा मिळवल्या. निकालाच्या रात्री पार्किंगमध्ये जो आनंद झाला तो खरा होता आणि त्यात मीही होते. चूक दुसऱ्या दिवशी सुरू झाली. आमचा सात-आठ जणांचा गट होता, त्यातले पाच कमिटीत गेले. उरलेल्यांना वाटलं, आता आपली माणसं आहेत, आता कशाला बघायचं? पुढच्या वार्षिक सभेला साडेदहा वाजता किती जण होते? चौदा.

नव्या सेक्रेटरींशी नंतर मी शांतपणे बोलले. त्यांनी जे सांगितलं ते मला इथे जसंच्या तसं लिहायचं आहे, कारण त्यांची बाजूही तितकीच खरी आहे. ते म्हणाले, “दिवसभर नोकरी. रात्री नऊला पंप बंद पडल्याचा फोन. रविवारी ऑडिटर. कमिटीत अकरा जण, काम करणारे तीन. सभेला कुणी येत नाही, आणि येतं ते तक्रार घेऊनच. एवढं करून तुम्ही कागद मागता तेव्हा थोबाडीत मारल्यासारखं वाटतं.” बिनपगारी काम आहे हे. सोसायटीचा सेक्रेटरी होणं म्हणजे घरच्यांच्या वाट्याचा वेळ ८३ घरांना देणं. त्याबद्दल कृतज्ञता असायलाच हवी. पण त्यांच्याच बोलण्यात कारणही सापडतं. तीन जणांनी सगळं करायचं ठरलं की त्या तिघांना सोसायटी म्हणजे आपणच वाटू लागते. मग हिशेबाची मागणी त्यांना व्यक्तिगत वाटते, कारण हिशेब मागणारी सभा त्यांनी कधी पाहिलेलीच नसते. त्यांना भेटलेला असतो तो फक्त एकटादुकटा तक्रारदार. पन्नास माणसांनी दर वर्षी शांतपणे विचारलेला प्रश्न कुणाला थोबाडीत मारल्यासारखा वाटत नाही. तो कामाचा भाग होऊन जातो.

म्हणून मी म्हणते की गटाने कमिटीत शिरण्यापेक्षा बाहेर राहण्याला जास्त किंमत द्यावी. निदान निम्म्यांनी तरी बाहेरच राहावं. आणि बाहेर राहून करायचं काय? कागद वाचायचे. ऐकायला हे फार रुक्ष वाटतं, मलाही वाटायचं. पण सोसायटीची सगळी सत्ता कागदात असते.

सुरुवात आपल्या उपविधींपासून करा. बहुतेक सदस्यांनी आपल्या सोसायटीचे बायलॉज कधी हातात धरलेले नसतात. शासन आदर्श उपविधी काढतं, पण ते आपल्या सभेने स्वीकारावे लागतात. त्यामुळे बाजारात मिळणाऱ्या पुस्तकातला नियम आपल्याला लागू आहेच असं धरून चालता येत नाही. आमच्याकडे कपाटातून जी प्रत निघाली ती कित्येक वर्षांपूर्वीची होती आणि कमिटी बोलत होती ती भलत्याच आवृत्तीतून. कुणाची लबाडी नव्हती त्यात. कुणी पाहिलंच नव्हतं.

मग पैसे. फ्लॅट भाड्याने दिला म्हणून लावायचे ना-भोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे २००१ पासून ठरलेलं आहे. फ्लॅट विकून दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते त्या हस्तांतर अधिमूल्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये. तरीही फ्लॅट विकणाऱ्याकडून ‘स्वेच्छा देणगी’ या नावाखाली कितीतरी पट रक्कम मागितली जाते. विकणारा देतो, कारण त्याला ना-हरकत पत्राची घाई असते. आणि उरलेले गप्प बसतात, कारण पैसा सोसायटीच्याच खात्यात येतो आहे. मला हे गप्प बसणं फार वाईट वाटतं. आज शेजाऱ्याकडून बेकायदा पैसे उकळणाऱ्या कमिटीला आपण मूक संमती देतो, आणि उद्या तीच कमिटी आपला प्रश्न उडवून लावते तेव्हा नियमांचं पुस्तक शोधतो.

पार्किंगचंही तसंच. स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली, जागा सामाईक आहे, बिल्डरला ती सुटी विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं. तरी अनेक सोसायट्यांत पार्किंगचं वाटप कोणत्या ठरावाने झालं याची नोंदच सापडत नाही. ज्याची गाडी जिथे उभी, ती जागा त्याची.

सगळ्यांत जास्त लक्ष मी इतिवृत्ताकडे द्यायला सांगेन. सभेत काय झालं ते विसरलं जातं, इतिवृत्तात लिहिलेलं राहतं. आमच्या जुन्या वहीत सात वर्षांत एकदाही विरोधी मताची नोंद नव्हती. प्रत्येक ठरावापुढे ‘सर्वानुमते’. मी स्वतः दोन सभांत विरोध केला होता, उभं राहून, मोठ्याने. वहीप्रमाणे मी संमती दिली होती. तेव्हापासून आम्ही एक गोष्ट धरून बसलो: विरोध असेल तर सभेतच सांगायचं, ‘माझ्या नावाने नोंद करा’, आणि कच्चं इतिवृत्त आलं की ते वाचून हरकत लेखी कळवायची. पहिल्या वर्षी यावरून भांडण झालं. दुसऱ्या वर्षी सेक्रेटरी स्वतःच विचारू लागले, ‘विरोधात कुणाची नावं घालू?’

दुसरा दुर्लक्षित कागद म्हणजे लेखापरीक्षण अहवाल. लोक ताळेबंदाची शेवटची बेरीज बघतात आणि पुढे जातात. अहवालात ऑडिटरने दोष दाखवलेले असतात: सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) वेगळा गुंतवला नाही, अमुक खर्चाला व्हाउचर नाही, थकबाकीची वसुली नाही. त्या दोषांचं काय केलं याचा दुरुस्ती अहवाल सोसायटीने निबंधकाकडे तीन महिन्यांत द्यायचा असतो. त्याला सगळे ‘ओ’ फॉर्म म्हणतात. तुमच्या सोसायटीने मागच्या वर्षीचा ‘ओ’ फॉर्म दिला का, एवढं एकच विचारा. या एका प्रश्नाने सभेचा नूर बदलतो, कारण इथे कुणी कुणावर आरोप करत नाही. आरोप असलाच तर तो सभेनेच नेमलेल्या ऑडिटरचा असतो, आणि त्याचं उत्तर देणं कमिटीला भाग आहे.

माहिती अधिकाराची वाट बरेच जण आधी धरतात. केवळ सहकारी कायद्याखाली नोंदली म्हणून सहकारी संस्था सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. त्यामुळे सोसायटीकडे थेट तो अर्ज चालत नाही; निबंधकाच्या कार्यालयात जे दाखल आहे तेवढं तिथून मागता येतं. पण सदस्याला त्याहून जवळचा हक्क आहे. सभेची आणि कमिटीच्या बैठकींची इतिवृत्तं, हिशेबपत्रकं, सदस्यांची नोंदवही हे सगळं बघण्याचा आणि शुल्क भरून नकला घेण्याचा अधिकार सहकार कायदाच देतो. भाडेकरूने घरमालकाकडे मागावं तसं हे मागणं नाही. आपलेच कागद आहेत.

उपनिबंधकांकडे किंवा सहकार न्यायालयात जावं की नाही? जावं, पण घाईने नाही. तारखा पडत राहतात, आणि प्रकरण फार चिघळलं तर प्रशासक येतो. प्रशासकाला त्या इमारतीत राहायचं नसतं. सदस्यांच्या भांडणामुळे कारभार बाहेरच्या माणसाच्या हाती जाणं यासारखी सहकाराची दुसरी हार नाही. लेखी पत्र, मग विशेष सभा, मग ठराव, आणि हे सगळं धुडकावलं गेलं तरच बाहेरचं दार.

एका धोक्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. पुनर्विकासाचे वारे वाहू लागले की सोसायटीत अचानक परिवर्तनाच्या गप्पा सुरू होतात. कालपर्यंत सभेला न फिरकलेले चार जण पत्रकं छापतात, हॉलचं भाडं भरतात. पैसा कुणाचा? अशा वेळी संघटना सदस्यांची आहे की एखाद्या बिल्डरची, हे विचारणं कुणी उद्धटपणा समजू नये. गटाने आपला खर्च, दोनशे रुपयांच्या झेरॉक्सचा का असेना, लिहून ठेवावा आणि मागेल त्याला दाखवावा. ज्यांना कमिटीकडून हिशेब हवा आहे त्यांनी आधी स्वतःचा द्यावा.

आणि पुनर्विकासाचा विषय निघालाच आहे, तर शासनाने त्यासाठी काय शिस्त लावली ते पाहण्यासारखं आहे. कलम ७९(अ) खाली २००९ मध्ये निर्देश निघाले, ४ जुलै २०१९ ला ते सुधारून काढले गेले. एकूण सदस्यांच्या किमान ५१ टक्क्यांची संमती, सभेचं व्हिडिओ चित्रीकरण, विकासकाच्या निवडीच्या सभेला निबंधकाचा प्रतिनिधी. इतकी काळजी का? कारण तिथे कोट्यवधींचा व्यवहार आहे आणि अंधारात तो कसा होतो हे सगळ्यांना माहीत झालं आहे. माझा मुद्दा असा की पुनर्विकासाच्या सभेत अचानक जागं राहता येत नाही. पंधरा वर्षं ज्या सभेने गच्चीचं कोटेशन वाचलं नाही, ती सभा विकासकाचा करार काय वाचणार? मेंटेनन्सच्या बिलावर प्रश्न विचारण्याची सवय हीच त्या दिवसाची तयारी आहे.

शेवटी एका गोष्टीविषयी, जी मला बाई म्हणून डाचत आली आहे. कमिटीत महिलांसाठी दोन जागा राखीव असतात. आमच्याकडे त्या नेहमी भरलेल्या असायच्या, वहीत. बैठकीला यायचे नवरे. सही घरून होऊन यायची. दुसरीकडे पाणी किती वाजता येतं, वॉचमन कधी झोपतो, कचऱ्याची गाडी कोणत्या दिवशी आली नाही, टाकी खरंच धुतली का, हे ज्यांना रोज माहीत असतं त्या बायकांना सभेत मत नसतं, कारण भागपत्रावर, म्हणजे सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर, त्यांचं नावच नाही. आमच्या गटाने केलेल्या कामांतलं मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे, की आम्ही घरोघर जाऊन भागपत्रावर पत्नीचं नाव घालून घ्यायला लोकांना तयार केलं. आजवर एकोणीस घरांनी घातलं.

लिफ्टच्या करारावरून झालेला वाद मिटायला वेळ लागला. आम्ही कमिटीशी भांडत बसलो नाही. वार्षिक सभेत ठराव मांडला: दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक तास ऑफिस उघडं राहील आणि बिलांच्या फाइली टेबलावर असतील, नोटिशीबरोबर ताळेबंदाची आणि अहवालाची प्रत प्रत्येक घरात जाईल, ठरावीक रकमेवरचा कोणताही खर्च ऐनवेळच्या विषयांत घेतला जाणार नाही, आणि प्रत्येक सभेचा पहिला विषय मागच्या ठरावांचं काय झालं हा असेल. ५८ जण हजर होते. नव्या सेक्रेटरींनी स्वतः अनुमोदन दिलं, हे मी विसरणार नाही. यातलं काहीही आता कुणा एकाच्या भलेपणावर अवलंबून नाही. कमिटी पुन्हा बदलली तरी ठराव वहीत आहे.

या वर्षीची सभा सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, ज्यांचं नाव गेल्या वर्षी भागपत्रावर आलं, ताळेबंदाची प्रत हातात घेऊन पहिल्या रांगेत बसल्या होत्या. कडेला पेन्सिलीने खुणा केलेल्या. त्यांचे यजमान सर्दीने घरी होते. हिशेबाचा विषय आला तशा काकू उभ्या राहिल्या.

“पान तीन. पाण्याची टाकी दोनदा धुतली असं लिहिलंय. मला मे महिन्यातली आठवते. दुसरी कधी धुतली?”

कुणी मागे वळून पाहिलं नाही, कुणी हसलं नाही. सेक्रेटरींनी फाइल उघडली आणि बिल शोधायला लागले.